उशीर कोठे होतो?

थांब्यावर उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या मनात पिढ्यानपिढ्या येत आलेला एक प्रश्न असा की, अर्धा तास वाट पाहूनही जिचा मागमूस लागत नाही ती बस अखेर येते तेव्हा एकटी न येता आपल्याच क्रमांकाच्या दोन भगिनींना पाठोपाठ घेऊनच का येते? पहिलीत पाय ठेवायला जागा नसते, दुसरीत दांडीला लोंबकळण्यापुरती असते, आणि जिच्यासाठी थांबण्याचे धैर्य आपल्याला होत नाही ती तिसरी जवळजवळ रिकामी डुलत डुलत मागून येते. या प्रकाराचे खापर आपण चालकाच्या आळसावर, आगारातील गैरकारभारावर किंवा स्वतःच्या नशिबावर फोडतो. वस्तुतः चालक कर्तव्यदक्ष आणि वेळापत्रक चोख असतानाही बसगाड्या अशा गोळा होतात. आणि त्या का गोळा होतात हे ज्याला उमगले, त्याला गजबजलेल्या रस्त्यावर जलद बस कशी चालवावी या प्रश्नाची निम्मी उकल झालीच म्हणून समजावे.

उशिराचे चक्रवाढ व्याज

समजा, एका मार्गावर दर सहा मिनिटांनी बस सोडली आहे आणि प्रत्येक थांब्यावर मिनिटाला पाच माणसे येत आहेत. वेळेवर आलेल्या बसला थांब्यावर तीस माणसे भेटतील. एकेकाला पायरी चढून आत शिरायला दोन सेकंद लागले तर बस साठ सेकंद थांबेल. आता एखादी बस चौकात अडकून दोन मिनिटे मागे पडली. तिला पुढच्या थांब्यावर तीसऐवजी चाळीस माणसे भेटतात, म्हणजे ती ऐंशी सेकंद थांबते आणि तिच्या दोन मिनिटांच्या उशिरात वीस सेकंदांची भर पडते. तिच्या मागची बस मात्र बिचारी वेळेवर आहे. परंतु मधले अंतर आता चारच मिनिटांचे राहिल्यामुळे तिला वीसच माणसे मिळतात, ती चाळीस सेकंदांत सुटते आणि वीस सेकंद लवकर निघते. म्हणजे एकाच थांब्यावर या दोघींतले अंतर चाळीस सेकंदांनी घटले. पुढच्या थांब्यावर तेच, त्याच्या पुढे तेच, आणि प्रत्येक वेळी अधिक वेगाने. सावकाराच्या वहीतील चक्रवाढ व्याजाप्रमाणे उशिरावर उशीर चढत जातो आणि आठ-दहा थांब्यांच्या आत मागची बस पुढचीला येऊन टेकते. १९६४ साली न्यूएल आणि पॉट्स या दोन गणितज्ञांनी या घटनेची समीकरणे मांडली. पण थांब्यावरच्या पानपट्टीवाल्याला ती त्यापूर्वीही अनुभवाने ठाऊक असावीत.

प्रवाशाला याचा जो भुर्दंड बसतो तो वेळापत्रकात दिसत नाही. तासाला सहा बसगाड्या दर दहा मिनिटांनी आल्या तर कोणत्याही क्षणी थांब्यावर पोहोचणाऱ्याला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा गाड्या तीन-तीनच्या घोळक्याने दर अर्ध्या तासाने आल्या, तर हीच सरासरी पंधरा मिनिटांवर जाते. गाड्या तितक्याच, इंधन तितकेच, पगार तितकाच. वाट पाहणे मात्र तिप्पट. आगाराच्या दफ्तरात तासाला सहा फेऱ्यांची नोंद बिनचूक असते, आणि थांब्यावरचा मनुष्य त्रासलेला असतो. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

एका तासाचा जमाखर्च

बस मंद का, या प्रश्नाला आपण बहुधा गर्दी असे एका शब्दात उत्तर देतो. पण गर्दी हा काही एकच पदार्थ नव्हे. बसच्या प्रवासाची मिनिटे चार खात्यांत खर्ची पडतात : प्रत्यक्ष धावण्यात, इतर वाहनांच्या रेट्यात रखडण्यात, चौकातल्या लाल दिव्यापुढे, आणि थांब्यावर माणसे चढ-उतार करण्यात. स्वतंत्र मार्गिका आखून दिली, म्हणजे रस्त्याचा एक पट्टा केवळ बससाठी राखून ठेवला, तर त्याने यांतले एकच खाते कमी होते, ते म्हणजे रखडण्याचे. उरलेली दोन खाती, चौक आणि थांबा, तशीच उघडी राहिली तर बस मधल्या मोकळ्या पट्ट्यावरून वेगाने जाईल आणि पुढच्या लाल दिव्यापाशी तितक्याच वेळाने पोहोचलेल्या मोटारीशेजारी उभी राहील. जलद बसमार्गाची योजना म्हणजे मार्गिका, ही समजूत येथेच फसते, आणि आपल्याकडे ती बऱ्याचदा फसली.

पुण्यात हा प्रयोग डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या सुमारे १६ किलोमीटरच्या मार्गावर झाला. देशातील तो पहिला. केंद्र सरकारच्या नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी मिळाला, सातारा रस्ता आणि सोलापूर रस्ता खोदला गेला, मध्यभागी मार्गिका आल्या, आणि ‘बीआरटी’ ही तीन अक्षरे पुणेकरांच्या तोंडी बसली. परंतु मार्गिका सलग नव्हती. जेथे चौक मोठा आणि गर्दी दाट, नेमक्या तेथेच ती संपून बस सर्वसाधारण वाहतुकीत मिसळे. नदीला धरण बांधून कालवा काढावा आणि ऐन शेताच्या बांधापाशी तो सोडून द्यावा, तसा हा प्रकार होता.

रस्त्याचे माप

तथापि मार्गिका द्यावीच का, हा प्रश्नही टाळण्याजोगा नाही. कारण जागा बसला द्यायची म्हणजे ती दुसऱ्या कोणाकडून घ्यायची, आणि शहरात रस्त्याच्या हद्दीइतका नाजूक मामला दुसरा नाही.

येथे मोजमापाचे एकक बदलावे लागते. शहरातील रस्त्याच्या एका पट्ट्यावरून, चौकात निम्मा वेळ हिरवा दिवा धरला, तर तासाला सुमारे नऊशे मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड मनुष्य धरला तर ही झाली साडेतेराशे माणसे. त्याच पट्ट्यावरून मिनिटाला एक बस गेली आणि तीत साठ माणसे असली तर तासाला छत्तीसशे. पहिल्या पट्ट्यावर आणखी एक मोटार घालायला जागा नाही. दुसऱ्या पट्ट्यावर गाड्यांची संख्या दुप्पट केली तरी तो तुंबणार नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसे हलविणे हे उद्दिष्ट म्हणून मांडले ते याच हिशेबाच्या आधारावर.

म्हणून कोणत्याही मार्गाची आखणी मोजणीपासून सुरू होते. मोजणीदार बसमध्ये बसून प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले हे टिपतो. त्यावरून कोणत्या दोन थांब्यांच्या मध्ये गाडीत सर्वाधिक माणसे असतात ते कळते, आणि त्या सर्वांत भरलेल्या तुकड्यावर तासाला एका दिशेने किती माणसे जातात, या एका आकड्यावर पुढची सारी योजना उभी राहते. त्यानंतर येते रुंदी. दोन बसमार्गिकांना सात मीटर, मधल्या थांब्याच्या ओट्याला चार, इतर वाहनांना दोन्ही दिशांना दोन-दोन पट्टे म्हणून तेरा, पदपथ व सायकलींना दोन्ही बाजूंना मिळून आठ, आणि दुभाजक-कठड्यांना दोन. बेरीज चौतीस मीटर. पेठांतील रस्त्यांवर ही बेरीज बसणे अशक्यच. सातारा रस्त्यावर ती बसते, पण बसविताना पदपथाचे चार मीटर प्रथम खाल्ले जातात. आणि बसचा प्रत्येक उतारू हा आरंभी व अखेरी पादचारीच असतो, हे नकाशा काढणाऱ्याला त्या वेळी आठवत नाही.

कडेला की मध्ये?

बस रस्त्याच्या डाव्या कडेने चालावी ही आपली जुनी वहिवाट. प्रवासी पदपथावर उतरतो, रस्ता ओलांडावा लागत नाही. मग मार्गिका मध्यभागी नेण्याचा खटाटोप कशासाठी? एखाद्या बाजाररस्त्याची डावी कड सकाळी दहा वाजता पाहावी म्हणजे उत्तर मिळते. तेथे रिक्षांची रांग आहे, दुकानापुढे टेम्पोतून माल उतरतो आहे, सोसायटीच्या फाटकातून मोटार बाहेर येते आहे, गल्लीत डावीकडे वळणारे घुसत आहेत, आणि कोणी तरी दोनच मिनिटांसाठी स्कूटर लावून औषधे आणायला गेला आहे. कडेच्या मार्गिकेवर शंभर मालकांचा हक्क असतो. मध्यावर कोणाचाच नसतो. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात, झाइमे लर्नर या वास्तुविशारद महापौराच्या कारकिर्दीत, १९७४ मध्ये बसला रस्त्याचा मध्य देण्यात आला तो याच कारणासाठी. त्या शहराने आणखी एक शहाणपण केले : उंच इमारतींना परवानगी प्रामुख्याने या बसरस्त्यांच्या दुतर्फाच दिली, म्हणजे प्रवासी आपोआप मार्गाच्या दाराशी येऊन राहिले.

मध्य घेतला की मात्र दोन देणी अंगावर येतात. एक, प्रवाशाला प्रत्येक वेळी निम्मा रस्ता ओलांडावा लागतो, तेव्हा त्या ओलांडण्याचा बंदोबस्त योजनेचाच भाग मानावा लागतो. दुसरे देणे चौकात फेडावे लागते, आणि ते जड आहे.

चौकातील सहा वाटेकरी

आपण डावीकडून वाहने चालवितो. बसमार्गिका मध्यभागी, म्हणजे इतर वाहनांच्या उजव्या अंगाला. आता चौकात उजवीकडे वळू पाहणारी मोटार, सरळ जाणाऱ्या बसच्या आडवी आल्यावाचून वळूच शकत नाही. दोघांना एकाच वेळी हिरवा दिवा देता येत नाही, म्हणून उजव्या वळणाला वेगळी पाळी द्यावी लागते. चारी बाजूंच्या वळणांना, सरळ जाणाऱ्यांना आणि बसला वेगवेगळ्या पाळ्या देत गेले की दिव्याच्या एका चक्राचे सहा वाटेकरी होतात.

एकत्र कुटुंबाची विहीर सहा भावांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाणी कमी येते हे तर खरेच. पण येथे पाणी सांडतेही. प्रत्येक पाळी बदलताना, एका बाजूची वाहने थांबून दुसरीकडची हलेपर्यंत चार-एक सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. दोन पाळ्या असतील तर चक्रामागे आठ सेकंद वाया जातात, सहा असतील तर चोवीस. दोन मिनिटांच्या चक्रात चोवीस सेकंद म्हणजे पाचवा हिस्सा. ही सांडलवंड प्रमाणात कमी दिसावी म्हणून अभियंता चक्र लांबवितो, तीन मिनिटे करतो, चार करतो. त्यासरशी लाल दिव्यापुढचे थांबणे लांबते, मोटारींची रांग मागच्या चौकापर्यंत पोहोचते, आणि पादचारी कंटाळून मिळेल त्या फटीतून धावतो. दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या मार्गावर, विशेषतः चिराग दिल्लीच्या चौकात, हेच घडले. बसचा प्रवासी तेथे फायद्यात होता. मोटारवाला संतापला होता. आणि संतापणाऱ्याचा आवाज राजधानीत अधिक लांब पोहोचतो. २०१६ मध्ये तो मार्ग उखडण्यात आला.

यावर उपाय ऐकायला उफराटा वाटतो : उजवे वळण बंद करावे. ज्याला उजवीकडे जायचे आहे त्याने चौक सरळ ओलांडून पुढच्या गल्लीत डावीकडे वळावे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे; की तो हव्या त्या रस्त्यावर हव्या त्या दिशेने आलाच. त्याला चारशे मीटर अधिक पडतात, पण चौकाच्या पाळ्या सहावरून दोन-तीनवर येतात आणि त्यात त्याचाही लाल दिवा आखूड होतो. अट एवढीच की आजूबाजूला तशा गल्ल्या असाव्यात. आणि आपल्या शहरांत गल्ली असली तरी ती वाहता येण्याजोगी असतेच असे नाही.

थांबा चौकापासून किती दूर असावा, हाही असाच एक बारकावा. थांबा अगदी चौकाला चिकटून ठेवला तर प्रवाशांना त्याच दिव्यावर रस्ता ओलांडता येतो, ही सोय खरी. पण मग बस माणसे घेत असताना हिरवा दिवा जळून जातो, आणि दार मिटते तेव्हा लाल लागलेला असतो. मागे दुसरी बस, तिच्या मागे तिसरी. थांबा आणि चौक यांच्यामध्ये दोन-तीन बसगाड्या उभ्या राहतील एवढी जागा सोडली म्हणजे हे दोन अडथळे एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत.

चौकट : गाड्या किती लागतील?
मार्ग १६ किलोमीटर, दर चार मिनिटांनी बस, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटे विश्रांती असे धरू.
वेग ताशी १२ किलोमीटर : जाण्या-येण्याला १६० मिनिटे, विश्रांतीसह १८०. लागणाऱ्या गाड्या ४५.
वेग ताशी २० किलोमीटर : जाण्या-येण्याला ९६ मिनिटे, विश्रांतीसह ११६. लागणाऱ्या गाड्या २९.
वाचलेल्या सोळा गाड्या विकत घ्याव्या लागल्या नाहीत. त्या त्याच मार्गावर सोडल्या तर चार मिनिटांऐवजी सुमारे अडीच मिनिटांनी बस मिळते.

ओट्याची करामत

आता पुन्हा थांब्याकडे येऊ, कारण आरंभीच्या तीन बसगाड्यांचे कोडे तेथेच सुटायचे आहे. मघाच्या हिशेबात उशिराला व्याज चढत होते ते एका मनुष्याला चढायला दोन सेकंद लागतात या कारणाने. हे दोन सेकंद म्हणजे व्याजाचा दर. तो उतरविला तर उशीर होईल, पण फुगणार नाही.

चढायला वेळ का लागतो ते पाहावे. बसचा तळ उंच, पायऱ्या तीन, दार अरुंद; काखेत पिशवी, हाताला मूल. आपल्याकडे तिकीट कंडक्टर आत फिरून देतो, त्यामुळे चालकापाशी पैसे मोजत चढण्याचा विलंब, जो परदेशांत फार मोठा, तो आपल्याला नाही. कंडक्टर या संस्थेचा हा गुण फारसा कोणी गात नाही. आपला विलंब मुख्यतः पायऱ्यांचा आणि दाराचा आहे. बसच्या तळाइतक्याच उंचीचा ओटा थांब्यावर बांधला, बस त्याला टेकून उभी राहिली आणि तिला रुंद दारे दिली, तर माणसे घराच्या उंबऱ्यावरून जावीत तशी आत-बाहेर करतात. कुरितिबाने १९९१ मध्ये काचेच्या नळकांड्यांसारखे थांबे उभारले. भाडे थांब्यात शिरतानाच द्यायचे, आणि बस आली की तिच्या दारातून फळी पडून ओट्याला जोडली जायची. अहमदाबादच्या ‘जनमार्गा’ने २००९ पासून रस्त्याच्या मधोमध उंच ओट्यांचे थांबे ठेवले आणि गाड्यांना उजव्या बाजूला दारे दिली.

या रीतीने माणशी दोन सेकंदांऐवजी अर्धा सेकंद लागला, तर दोन मिनिटे मागे पडलेल्या आपल्या बसला दहा जादा माणसांपायी वीसऐवजी पाच सेकंदच अधिक लागतील, आणि तेवढा उशीर चालकाला पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर भरून काढता येईल. बसगाड्यांचा घोळका फोडण्याचे काम येथे पर्यवेक्षकाच्या शिटीपेक्षा गवंड्याच्या थापीने अधिक होते. अर्थात ओटा बांधला आणि बस त्याच्यापासून हातभर दूर उभी राहिली, तर मधल्या फटीत पाय जाण्याच्या भीतीने प्रत्येक जण थबकतो आणि सारी करामत फुकट जाते. म्हणून चालकांना बस ओट्याला लावण्याचा सराव देणे हे ओट्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

थांब्यांची संख्या हाही वादाचा विषय. चारशे मीटरला एक थांबा धरला तर १६ किलोमीटरवर चाळीस होतात. सहाशेला एक धरला तर सत्तावीस. वेग कमी करून थांबणे आणि पुन्हा निघणे यांत तीस सेकंद जातात असे मानले, तर तेरा थांबे गाळून साडेसहा मिनिटे वाचतात. पायपीट वाढते ती सरासरी पन्नास मीटर. हिशेबाला हे पटते. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना पटत नाही, आणि सरासरी त्यांच्या उपयोगाची नसते. दवाखाना आणि मंडई यांच्यापाशी नियम मोडावा, एवढेच म्हणता येईल.

उघडा मार्ग, बंद मार्ग

मार्गिकेत कोणत्या बसने शिरावे, यावर दोन पंथ आहेत. अहमदाबादने बंद पद्धत घेतली : मार्गिकेत जनमार्गाच्याच गाड्या. त्यामुळे ओटा, दार, तिकीट यांची तरतूद एकसारखी राहते. पण आडगल्लीतील प्रवाशाला एकदा गाडी बदलावी लागते. उघड्या पद्धतीत उपनगरांतल्या अनेक मार्गांच्या गाड्या मुख्य रस्त्यावर आल्या की मार्गिकेत शिरतात आणि पुढे बाहेर पडून आपापल्या वाटेने जातात. पुण्याचा कल या पद्धतीकडे. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी रस्त्यावर सुरू झालेल्या ‘रेनबो’ मार्गावरही बाहेरून येणाऱ्या गाड्यांना वाव ठेवला गेला. प्रवाशाची सोय अधिक, पण बाहेरच्या गर्दीतला उशीर या गाड्या मार्गिकेत घेऊन येतात, आणि एक रखडलेली गाडी मागच्या सर्वांना रखडविते.

रखडलेलीला ओलांडता यावे म्हणून कोलंबियाची राजधानी बोगोटा हिने, महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या काळात, डिसेंबर २००० मध्ये सुरू केलेल्या ‘ट्रान्समिलेनियो’मध्ये थांब्यांपाशी मार्गिका दुहेरी केली. थांबणारी बस थांबते, जलद बस शेजारून निघून जाते. एकेरी मार्गिकेवरून तासाला एका दिशेने दहा-बारा हजार माणसे नेणे जड जाते. बोगोटाने चाळीस हजारांचा पल्ला गाठला, जो कित्येक भुयारी रेल्वेंच्याही आवाक्याबाहेरचा आहे.

रिकामी दिसणारी वाट

सरतेशेवटी डोळ्यांना होणाऱ्या एका भ्रमाविषयी. मिनिटाला एक बस ज्या मार्गिकेवरून जाते, ती शेजारच्या तुंबलेल्या पट्ट्यात बसलेल्या मोटारवाल्याला दर मिनिटातील पन्नासहून अधिक सेकंद निव्वळ रिकामी दिसते. त्याच्या पुढे-मागे मोटारी आहेत, आणि कठड्यापलीकडे हातभर अंतरावर कोणी वापरीत नसलेला गुळगुळीत रस्ता आहे. मार्गिका जितकी सुरळीत चालेल तितकी ती अधिक रिकामी दिसेल. ती भरलेली दिसेल ती बसगाड्या आत तुंबल्यावरच. या दृश्याने दुचाकीस्वाराला मोह पडतो, एक शिरतो, त्याच्या मागे दहा; मग पहारेकरी नेमावे लागतात, आणि पहारेकरी जेवायला गेले की पुन्हा शंभर. पुण्यातील नगर रस्त्यावरील बसमार्गाचा काही भाग पुढे काढून टाकण्यात आला, त्याच्या मागेही रुंदी, मेट्रोचे काम, चौकांची कोंडी अशा अनेक तक्रारी होत्या. परंतु रिकाम्या पट्ट्याची ही तक्रार त्यांत नेहमी पुढे असे.

पडताळा पाहण्याची इच्छा असणाऱ्याने एखाद्या बसमार्गावरच्या पादचारी पुलावर सकाळी साडेनऊला वही आणि घड्याळ घेऊन उभे राहावे. एका पानावर बसपट्टा, दुसऱ्यावर शेजारचा पट्टा. वाहने मोजू नयेत, डोकी मोजावीत. दिवा लाल असतानाची मिनिटे गाळू नयेत. पंधरा मिनिटांनी दोन्ही पानांची बेरीज करून खाली उतरावे.